गेट, सीईटी, जीआरईची प्रॅक्टिस बुकं: कोणतं घ्यायचं आणि कोणतं दुकानातच ठेवून यायचं

गेट म्हणजे एमटेकची, सीईटी म्हणजे इथं एमबीएची आणि जीआरई म्हणजे परदेशात शिकायला जायची प्रवेश परीक्षा. आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच दुकान गाठावं. प्रॅक्टिस बुक घेताना कव्हरवर किती हजार प्रश्न लिहिलेत ते बघूच नका, पुस्तक मागून उघडा आणि सोल्युशन वाचा. प्रश्न काय, कुणीही कुठूनही उचलून छापतंय, सोल्युशन लिहायला मात्र विषय यावा लागतो.

आता हे सांगणारी मी कोण, तर संभाजीनगरला एका अभ्यासिकेचं पुस्तकांचं कपाट माझ्याकडं आहे. स्वतः मेकॅनिकलवाली, गेट देऊन एमटेक केलं, आता इथंच शिकवते. अभ्यासिकेत बीड, गेवराई, जालना, हिंगोली, अंबाजोगाई अशी कुठून कुठून आलेली पोरं-पोरी बसतात, बहुतेकांचं दहावीपर्यंत मराठी मिडीयम, खिशात मोजके पैसे, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, ताई कुठलं पुस्तक घेऊ. कपाटात कुठलं पुस्तक वापरून वापरून सुटं झालंय आणि कुठलं दोन वर्षं झाली तरी कोरं करकरीत आहे एवढं बघितलं तरी अर्धा रिव्ह्यू होतो. ज्यांना नावं ठेवणार आहे त्यांची नावं मात्र लिहिणार नाही, उगं भांडण नको, रंगावरून ओळखा.

सगळ्यात आधी तांबडं जाडजूड. गेटसाठीचं आहे, उशाला घेतलं तर मान अवघडेल एवढं, कव्हरवर प्रश्नांचा आकडा पुस्तकाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. दिसायला भारी, पोरं बघताक्षणी खूश. उघडून थर्मोचं, म्हणजे उष्णतेच्या विषयाचं, प्रकरण काढलं. कार्नो इंजिनची एफिशियन्सी, सोर्स 600 केल्विन, सिंक 300 केल्विन, एकातून सिंक भागिले सोर्स वजा केलं की उत्तर 50 टक्के. ठीक. पुढचा प्रश्न, 800 आणि 400. उत्तर 50 टक्के. पान उलटलं, 1000 आणि 500. आता उत्तर मी सांगायला पाहिजे का? असे एकाच साच्यातले प्रश्न आकडे बदलून बदलून टाकलेत आणि तेही धड बदललेले नाहीत, म्हणजे पोरगं तिसऱ्या प्रश्नाला न सोडवताच टिक करून पुढं जातंय आणि त्याला वाटतंय आपला स्पीड वाढलाय.

बरं प्रश्न कमी-जास्त असते तर चाललं असतं, पण सोल्युशन? सहा महिने झिजून अभ्यास करणाऱ्या पोराला तुम्ही ‘उत्तर (सी), स्टँडर्ड रिझल्ट’ एवढंच लिहून देणार? स्टँडर्ड रिझल्ट त्याला माहीत असता तर त्यानं पुस्तक कशाला घेतलं असतं! एक तर चक्क चूक आहे. सिम्पली सपोर्टेड बीम, म्हणजे दोन्ही टोकांना टेकवलेली तुळई, स्पॅन 4 मीटर, सगळीकडून 6 किलोन्यूटन प्रति मीटर लोड, मॅक्सिमम बेंडिंग मोमेंट काढा. डब्ल्यू एल स्क्वेअर भागिले 8, म्हणजे 12 किलोन्यूटन मीटर, सेकंड इयरचं पोरगं झोपेत सांगेल. पुस्तकात छापलंय 48. म्हणजे भागिले 2 केलंय, कँटिलिव्हरचा, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या तुळईचा फॉर्म्युला लावलाय. ज्याचा बेसिक पक्का आहे तो हसून सोडून देतो, पण ज्याचा डळमळीत आहे तो बिचारा आपलंच चुकतंय म्हणून तासभर डोकं फोडत बसतो आणि शेवटी चुकीचंच पाठ करतो. एक पोरगी तर माझ्याशी वाद घालायला आली होती, मॅडम पुस्तकात छापलंय. छापलेल्यावरचा हा विश्वास आपल्याकडं लई आहे, म्हणून तर पुस्तक बघून घ्यायचं.

अजून एक गंमत बघा, ही पाच मिनिटात पकडता येते. घातांक बघायचे. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ते किती ताठ आहे ते सांगणारा आकडा, 200 गुणिले 10 चा नववा घात पास्कल असतो, वरचा 9 बारीक, वर छापलेला पाहिजे. तांबड्या पुस्तकात तो खाली घसरून ‘200 × 109’ झालाय, एकशे नऊ! हे एका जागी असतं तर छपाईची चूक म्हटलं असतं, प्रकरणच्या प्रकरण असं आहे. याचा अर्थ टाईप करून आल्यावर कुणी विषयातल्या माणसानं ते वाचलेलंच नाही. घातांक घसरलेले दिसले की मी पुढचं बघत नाही, पुस्तक परत.

आता निळं, हेही गेटचंच, मागच्या वर्षांचे पेपर टॉपिकवाईज लावलेलं. इथं एक गोष्ट पोरांना माहीतच नसते ती सांगते. मागचे पेपर आणि त्यांच्या ऑफिशियल अ‍ॅन्सर की गेट घेणाऱ्या संस्थेच्या वेबसाईटवर फुकट मिळतात. आयआयएससी आणि सात आयआयटी आळीपाळीनं परीक्षा घेतात, 2024 ला आयआयएससी होती, 2025 ला आयआयटी रुरकी, त्यामुळं साईट दरवर्षी बदलते पण जुने पेपर सापडतात. म्हणजे नुस्त्या प्रश्नांसाठी तुम्ही निळ्या पुस्तकाला एक रुपया द्यायची गरज नाही. पैसे कशाचे, तर टॉपिकवाईज मांडणीचे आणि सोल्युशनचे. आणि इथं निळं खरंच उतरतं, मी मानलं त्याला. सोल्युशनमध्ये आधी फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती काढलीय, मग समीकरण, मग आकडे, शेवटी युनिट. दोन रीतींनी सुटत असेल तर दुसरी रीतपण दिलीय.

पण मी निळ्यावर विश्वास ठेवला तो एका वेगळ्याच कारणानं. गेटच्या की मध्ये काही प्रश्नांपुढं एमटीए लिहिलेलं असतं, मार्क्स टू ऑल. म्हणजे प्रश्नच गंडलेला होता, सगळ्यांना मार्क देऊन टाकले. आता भंगार पुस्तक काय करतं, तो प्रश्नपण घेतं आणि त्याचं ठोकून एक उत्तर देतं, सोल्युशनसकट! जे मुळात नाहीच ते यांनी सोडवलं कसं हे देवालाच ठाऊक. निळ्यात अशा प्रश्नाखाली सरळ लिहिलंय की ऑफिशियल की मध्ये सगळ्यांना मार्क दिले, का दिले असावेत तेही दोन ओळीत. तसंच न्युमरिकल उत्तराच्या प्रश्नांना गेट एक रेंज देतं, म्हणजे 11.9 ते 12.1 वगैरे, ती रेंजसुद्धा निळ्यात छापलीय. हे काम करायला माणसाला मूळ की शेजारी ठेवून बसावं लागतं. दुकानात उभ्या उभ्या तपासायचं तर मोबाईलवर कुठल्याही एका वर्षाची की उघडा, त्यातला एमटीए प्रश्न शोधा आणि पुस्तकात तो काय केलाय बघा. चाचणी संपली.

निळ्याचं वाईट काय, तर कागद. इतका पातळ की मागच्या पानावरचा ग्राफ पुढच्या ग्राफमध्ये दिसतो. आणि पेन्सिलनं दाबून लिहिलं की भोक. ते चालवून घ्यायचं.

पॅटर्नचं पण बघा जरा. गेटला 65 प्रश्न, 100 मार्क, तीन तास. त्यात 10 प्रश्न 15 मार्कांचे जनरल अ‍ॅप्टिट्यूड, ते सगळ्या ब्रँचला सारखेच, म्हणून सिव्हिलवाल्यानं वेगळं आणि कॉम्प्युटरवाल्यानं वेगळं अ‍ॅप्टिट्यूडचं पुस्तक घ्यायची काही गरज नाही, रूमवर चौघांत एक घ्या. बाकीच्यात चार पर्यायांतून एकच निवडायचे एमसीक्यू आहेत, एमएसक्यू आहेत आणि आकडा टाईप करायचे न्युमरिकल आहेत. एमएसक्यू म्हणजे एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणारे, ते 2021 पासून आले. त्यात अर्धे मार्क मिळत नाहीत, सगळे बरोबर पर्याय निवडले तरच मार्क, चुकलं तर निगेटिव्ह नाही. निगेटिव्ह फक्त एमसीक्यूला, एक मार्काच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन मार्काच्याला दोन तृतीयांश. आता तुमच्या हातातल्या ‘लेटेस्ट एडिशन’मध्ये सगळेच प्रश्न चार पर्याय आणि एक उत्तर असे असतील तर कव्हरवर वर्ष कुठलंही छापलेलं असो, आतला माल 2021 च्या आधीचा आहे. न्युमरिकलला पर्याय दिलेले असतील तर ते तर अजूनच वाईट, कारण पर्याय बघून उलटं सोडवायची सवय लागते आणि परीक्षेत समोर नुस्ता रिकामा डबा येतो. कॅल्क्युलेटरपण स्वतःचा चालत नाही, स्क्रीनवरचाच वापरायचा, त्यामुळं घरी सोडवतानासुद्धा हातातला कॅल्सी बाजूला ठेवून स्क्रीनवरच्यावर हात बसवा.

आता एमबीए सीईटी. इथली परिस्थिती गेटपेक्षा खराब आहे हे मी स्पष्टच सांगते. आपल्या राज्याच्या सीईटीला 200 प्रश्न आणि 150 मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, पर्याय पाच. म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. कॅट एकदम वेगळी चीज आहे, तीन सेक्शन, प्रत्येकाला 40 मिनिटं, प्रश्न कमी पण खोल, एमसीक्यूला निगेटिव्ह. आणि बाजारात पिवळ्या कव्हरचं एक पुस्तक आहे ज्याच्यावर कॅट, सीमॅट, मॅट, सीईटी अशी सगळी नावं एका ओळीत आहेत. एकाच टोपीत सगळ्यांची डोकी! आत बघितलं तर कॅटच्या धाटणीचे दहा-दहा ओळींचे प्रश्न, चार पर्याय. सीईटीच्या पोरानं यावर प्रॅक्टिस केली तर तो हुशार होईल, नाही म्हणत नाही, पण सीईटीत हुशारी कमी आणि हात जास्त चालवावा लागतो. कुठला प्रश्न सोडून पुढं पळायचं, आणि शेवटच्या दोन मिनिटात उरलेल्यांना काहीतरी टिक करून टाकायचं, कारण कापायचं काही नाहीच. हे पिवळं पुस्तक एका शब्दानं सांगत नाही. आणि सीईटीत लॉजिकल रिझनिंगचे 75 प्रश्न असतात, सगळ्यात जास्त, वर अ‍ॅबस्ट्रॅक्टचे, म्हणजे आकृत्यांचे, 25. पिवळ्यात अ‍ॅबस्ट्रॅक्टला किती पानं? शेवटी उरलेल्या जागेत कोंबल्यासारखी. आकृत्या अशा छापल्यात की काळा त्रिकोण आणि रेघोट्यांचा त्रिकोण एकसारखाच दिसायला लागला, मग त्यातून फरक काय शोधायचा.

पर्याय कसे लिहिलेत हे मात्र क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, नक्की बघा, लेखकाला शिकवता येतं की नाही ते तिथं कळतं. साधा प्रश्न घ्या, संभाजीनगरहून जालन्याला जाताना ताशी 40 किलोमीटर, येताना त्याच रस्त्यानं ताशी 60, सरासरी वेग किती. उत्तर 48. पण दहापैकी सहा-सात पोरं घाईत 50 म्हणणार, बेरीज करून भागिले दोन. म्हणून चांगल्या पुस्तकात पर्यायात 50 असतोच, आणि सोल्युशनमध्ये लिहिलेलं असतं की 50 का नाही, हळू जाताना वेळ जास्त गेला म्हणून सरासरी 40 कडं झुकते. पिवळ्यात पर्याय होते 12, 48, 95 आणि 110. अरे बाबा, जाताना 40 येताना 60 तर सरासरी 110 कुठल्या हिशेबानं? असा प्रश्न गणित न करता सुटतो, म्हणजे तो प्रॅक्टिसच नाही. चुकीचा पर्यायपण कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या चुकीतून आलेला पाहिजे. ज्यानं वर्गात उभं राहून पोरांच्या चुका बघितल्यात त्यालाच हे जमतं.

जीआरईवाले आमच्याकडं थोडेच, पण त्यांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात, कारण त्यांना मिळतात सिनिअरची जुनी पुस्तकं नाहीतर स्पायरल केलेली झेरॉक्स. झेरॉक्सच्या कायदेशीर भानगडीत मी जात नाही, पण तिच्यावर तारीखच नसते हा मोठा घोळ. मग जुनं कसं ओळखायचं? आत विरुद्धार्थी शब्दांचे नाहीतर अ‍ॅनॉलॉजीचे, म्हणजे शब्दांच्या जोड्या जुळवायचे, प्रश्न दिसले तर ते 2011 च्या आधीचं आहे, ते प्रकार त्या वर्षी ऑगस्टमध्ये परीक्षेतून गेले. निबंधात इश्यू आणि आर्ग्युमेंट असे दोन दिसले तर सप्टेंबर 2023 च्या आधीचं, कारण तेव्हापासून फक्त इश्यू राहिला आणि पावणेचार तासांची परीक्षा दोन तासांच्या आत आली. आता व्हर्बलला, म्हणजे इंग्रजीच्या भागाला, 27 प्रश्न, क्वांटला 27. जुनं क्वांट चालतं म्हणा, गणित काही बदलत नाही, पण मॉक टेस्ट म्हणून जुनी लांबलचक टेस्ट सोडवत बसलात तर टायमिंगचा अंदाज पार बिघडतो.

एका झेरॉक्समध्ये क्वांटिटेटिव्ह कंपॅरिझनचा, म्हणजे दोनांतलं मोठं कुठलं ते सांगायचा, हा प्रश्न होता. एक्सचा वर्ग 16. क्वांटिटी ए म्हणजे एक्स, क्वांटिटी बी म्हणजे 4. उत्तर छापलं होतं दोन्ही समान. का हो, उणे 4 कुठं गेला? वर्ग 16 म्हणजे एक्स 4 पण असेल, उणे 4 पण असेल, त्यामुळं उत्तर ‘सांगता येत नाही’. हा तर जीआरईचा अगदी पेटंट सापळा, आणि तोच पुस्तक लिहिणाऱ्याला लागलाय. तिथंच मी ती झेरॉक्स मिटली.

त्यापेक्षा जीआरई घेणाऱ्या ईटीएसचं स्वतःचं मटेरियल घ्या. महाग वाटतं, पण प्रश्न खरे आहेत, आणि त्यांच्या पॉवरप्रेप नावाच्या ऑनलाईन सरावाच्या दोन टेस्ट तर फुकटच आहेत. जीआरईत पहिला सेक्शन कसा गेला यावरून दुसरा सोपा का अवघड ते ठरतं, हे कागदावर कुठल्याच पुस्तकाला जमणार नाही, त्यासाठी तरी त्या टेस्ट द्याच. एक तक्रार आहे, ईटीएसची सोल्युशनं फार सभ्य भाषेत आणि लांबण लावून लिहिलेली असतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोराला व्हर्बलचं सोल्युशन समजून घ्यायलाच डिक्शनरी लागते. पण त्यात चारही चुकीचे पर्याय का चूक ते सांगितलेलं असतं, हे सोनं आहे. बाकीच्या पुस्तकांत ‘उताऱ्यानुसार (बी) बरोबर’ एवढ्यावर बोळवण.

शब्दांच्या याद्यांच्या पुस्तकांबद्दल एवढंच, नुस्ता शब्द आणि पुढं अर्थ असेल तर घेऊ नका, वाक्यात वापरून दाखवला असेल तर घ्या.

एमएस्सी-एमएसाठी सीयूईटी पीजी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, देणारे हल्ली वाढलेत, त्यांना मी सध्या पुस्तकच घेऊ नका म्हणते. परीक्षा 2022 ला सुरू झाली, तेव्हा 100 प्रश्न होते, 2024 पासून 75 केले, 2025 ला वेळ 90 मिनिटांवर आणली. बरोबरला 4, चुकीला उणे 1. दुकानात जे आहे त्यातल्या बऱ्याचशा पुस्तकांत अजून जुनाच पॅटर्न, आणि काही तर सरळ दुसऱ्या परीक्षांचे प्रश्न गोळा करून वर सीयूईटीचं कव्हर चढवलंय. त्यापेक्षा बीएस्सीची आपली टेक्स्टबुकं आणि ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएचे मागचे पेपर.

आता खरेदीचं. औरंगपुऱ्यात पुस्तकांची दुकानं एकाला लागून एक आहेत, तिथं जायचं तर दुपारी जा, संध्याकाळी गर्दीत कुणी तुम्हाला पान उलटू देत नाही. पुस्तकं प्लास्टिकमध्ये सील असतात. मी सरळ म्हणते, काका एक कॉपी फोडून दाखवा, नाहीतर घेत नाही. काका म्हणतात, मॅडम सगळी पोरं हेच नेतात. मी म्हणते पोरं नेतात म्हणूनच बघायचंय. देतात मग फोडून. जो दुकानदार अजिबात फोडत नाही त्याच्याकडून घेऊ नका, शेजारी दुसरं दुकान आहेच. ऑनलाईन स्वस्त पडतं हे खरं, पण तिथं सॅम्पल म्हणून नेमकी पहिली वीस पानं दाखवतात, प्रस्तावना, मनोगत आणि टॉपर्सचे फोटो. सोल्युशनचं पान दाखवत नाहीत. क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करून बघा, आमच्या कपाटातल्या दोन पुस्तकांचे कोड कुठंच उघडत नाहीत. आणि प्रकाशकानं स्वतःच्या चुकांची यादी साईटवर टाकली असेल तर ते पुस्तक बिनधास्त घ्या, चुका सगळ्यांच्याच होतात, यादी थोडेच टाकतात.

पैसे कमी असतील तर मार्च-एप्रिलपर्यंत थांबा. गेट फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये, मग पोरं रूम सोडताना गठ्ठेच्या गठ्ठे विकतात, अर्ध्या किमतीच्या आत चांगला सेट मिळतो. सेकंड हँड घेताना फक्त उत्तरं पेन्सिलनं टिक केलीत का पेननं ते बघा, पेनची असतील तर तुम्ही प्रश्न वाचायच्या आधीच डोळा उत्तरावर जातो. तसं बहुतेक पुस्तकांत काळजीचं कारण नसतं म्हणा, टिका इंजिनिअरिंग मॅथ्सच्या दुसऱ्या प्रकरणापर्यंत असतात, पुढचं सगळं कोरं.